बारावीच्या इंग्रजीतल्या चुका मराठीतून कशा येतात

'जरी पाऊस होता तरी मी गेलो.' याचं इंग्रजी करायला दिलं की बारावीच्या वह्यांत हमखास दिसतं ते हे: 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय वेंट.' हा 'बट' आला कुठून? 'तरी'मधून. मराठीला जरी आणि तरी अशी जोडी लागते, इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो. 'ऑल्दो' घेतला की 'बट' नाही, 'बट' घेतला की 'ऑल्दो' नाही. गडहिंग्लजचा पोरगा असो, राधानगरीचा असो की राजारामपुरीतला, ही चूक सगळ्यांची सारखीच, कारण सगळ्यांची मराठी एकच आहे.

आपल्याकडे पोरं इंग्रजीला घाबरतात ते 'इंग्रजीत अगणित नियम आहेत' असं समजून. मराठी बोलणाऱ्याच्या चुका मात्र मोजक्या असतात, आणि बहुतेक मराठीच्या वळणातूनच येतात. त्या ओळखता आल्या की पेपरचा मोठा भाग हाती येतो. म्हणून इथे गाइडमधली उत्तरं सांगत बसत नाही. गुण कुठे आहेत आणि ते कुठे गळतात तेवढंच सांगतो.

आधी पेपर नीट बघून घ्या. लेखी 80 गुणांचा, वेळ तीन तास, तोंडी आणि अंतर्गत कामाचे 20 वेगळे. पहिल्या प्रश्नात पुस्तकातला उतारा 12 गुणांना आणि पुस्तकाबाहेरचं व्याकरण 4 गुणांना. दुसऱ्यात न पाहिलेला उतारा 12, त्याचा सारांश 3, माइंड मॅपिंग (एका विषयाभोवती शब्दांचा नकाशा) 3. तिसऱ्यात कवितेचा उतारा 10 आणि रसग्रहण 4. चौथा प्रश्न लेखनाचा, 16 गुण. पाचवा कादंबरीचा, 16 गुण. उताऱ्यांच्या आतही भाषेचा आणि शब्दसंग्रहाचा उपप्रश्न असतोच. म्हणजे ज्याला आपण 'व्याकरणाचे चार मार्क' म्हणून सोडून देतो, ते व्याकरण प्रत्यक्षात उताऱ्यांत आणि प्रत्येक लिहिलेल्या वाक्यात गुण देत किंवा घेत असतं.

आता त्या ठराविक चुका.

सगळ्यात खोल रुजलेली चूक व्हॉइसची, म्हणजे ॲक्टिव्हचं (कर्तरी) पॅसिव्ह (कर्मणी) करण्याची. 'रामाने पत्र लिहिले' हे वाक्य बघा. मराठीत वाक्यात कर्म असेल तर भूतकाळात कर्त्याला सहसा 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं: पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला. इंग्रजीत असं काही नाही. पण डोक्यात 'ने' म्हणजे 'बाय' हे पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे 'राम रोट अ लेटर' हे सरळ वाक्यही कुठेतरी पॅसिव्ह वाटायला लागतं, आणि मग वहीत 'लेटर रोट बाय राम' असं भलतंच उतरतं. यावर उपाय म्हणजे मराठीत भाषांतर करून व्हॉइस बदलायचाच नाही. इंग्रजी वाक्यावरच काम करायचं. क्रियापदाखाली रेघ मारा आणि काळ ठरवा. कर्म उचलून पुढे आणा. त्याच काळातलं 'बी'चं रूप ('इज', 'आर', 'वॉज' वगैरे) नव्या कर्त्याला जुळेल असं लावा. मग क्रियापदाचं तिसरं रूप, शेवटी 'बाय' आणि जुना कर्ता.

एक वाक्य करून बघू: 'द आर्टिझन इज स्टिचिंग द चप्पल्स.' काळ चालू वर्तमान. कर्म 'द चप्पल्स', अनेकवचनी. उत्तर: 'द चप्पल्स आर बीइंग स्टिच्ड बाय द आर्टिझन.' इथे दोनच ठिकाणी पाय घसरतो. एक, जुना 'इज' तसाच राहतो, कारण चप्पल्स अनेकवचनी आहेत हे बघितलेलं नसतं. दोन, 'बीइंग' गळतो. 'आर स्टिच्ड' लिहिलं की काळ बदलून साधा वर्तमान झाला, गुण गेला. चालू काळाला 'बीइंग', पूर्ण काळाला 'बीन', आणि 'कॅन', 'विल', 'मस्ट' यांच्यामागे नुसता 'बी', एवढं पाठ असलं की व्हॉइस संपला. 'गो', 'कम', 'स्लीप' यांना कर्म नसतं, त्यांचा पॅसिव्ह होत नाही. तसा प्रयत्नच करू नका.

रिपोर्टेड स्पीचमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना, तसंच. आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' मराठीत 'मी' तसाच राहिला, 'उद्या' तसाच राहिला, 'येतो' तसाच राहिला, फक्त मधे 'की' आला. म्हणून पोरं 'दॅट' घालतात आणि काम झालं समजतात. इंग्रजीत तिन्ही बदलतात: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' वाक्य लिहिण्याआधी पाच जागांवर पेन्सिलीने बारीक खूण करा: सांगणारं क्रियापद, जोडणारा शब्द, सर्वनाम, काळ, आणि वेळ किंवा जागा दाखवणारा शब्द. 'टुमारो'चा 'द नेक्स्ट डे', 'यस्टर्डे'चा 'द प्रीव्हियस डे', 'टुडे'चा 'दॅट डे', 'नाऊ'चा 'देन', 'हिअर'चा 'देअर', 'अगो'चा 'बिफोर'. सूर्य पूर्वेला उगवतो अशा कायमच्या सत्याचा काळ मात्र हलवायचा नाही.

प्रश्नाचं रिपोर्टिंग करताना आणखी एक गोष्ट सुटते, ती शब्दांच्या क्रमाची. 'मदर सेड टू मी, "व्हेअर आर यू गोइंग?"' याचं 'मदर आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' होत नाही. प्रश्न आता प्रश्न राहिलेला नाही, म्हणून क्रम साध्या वाक्याचा: 'मदर आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' शेवटी पूर्णविराम. प्रश्नचिन्ह राहिलं तर तिथेच चूक धरली जाते. प्रश्नात 'व्हेअर', 'व्हाय' असा शब्द नसेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर' लागतो. 'आस्क्ड दॅट' कधीच नाही.

'अनलेस'ची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. 'जोपर्यंत तू अभ्यास करत नाहीस तोपर्यंत पास होणार नाहीस.' मराठीत दोन नकार. 'अनलेस'च्या पोटात एक नकार आधीच बसलेला आहे. तरी लिहिलं जातं, 'अनलेस यू डू नॉट स्टडी, यू विल नॉट पास.' म्हणजे अभ्यास केला तर नापास होशील! बरोबर वाक्य: 'अनलेस यू स्टडी, यू विल नॉट पास.' 'इफ'चं 'अनलेस' करताना आधी 'इफ'च्या वाक्यातला 'नॉट' काढा, मगच 'अनलेस' लिहा. त्याच क्रमाने केलं तर चूक होत नाही.

'पासून' हाही असाच फसवा शब्द. '2022 पासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे आपण 'पासून'च म्हणतो, म्हणून दोन्हीकडे 'सिन्स' पडतो. कॅलेंडरवर बोट ठेवता येतं तिथे 'सिन्स', बोटांवर मोजता येतं तिथे 'फॉर'. त्यात काळाचीही भानगड आहे. 'मी दोन वर्षांपासून कोल्हापुरात राहतो' हे मराठीत वर्तमानकाळात चालतं. इंग्रजीत 'आय लिव्ह' चालत नाही, 'आय हॅव बीन लिव्हिंग इन कोल्हापूर फॉर टू इयर्स' असंच लागतं. एका छोट्या वाक्यात दोन सापळे.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्या मदतीला येते. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून 'अ' की 'ॲन' हे अंदाजाने टाकलं जातं. अंदाज कशाला? तो इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'अवर' स्वराने सुरू होतो, 'ॲन अवर'. 'ऑनेस्ट' स्वराने, 'ॲन ऑनेस्ट मॅन'. 'युनिव्हर्सिटी' य ने, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन-रुपी कॉइन' व ने, म्हणून 'अ'. 'एमएलए' ए ने, म्हणून 'ॲन'. इंग्रजी स्पेलिंग बघून जे फसतात ते इथे फसणार नाहीत, कारण देवनागरी उच्चार लपवत नाही.

बाकीचे दोन-तीन सांगून पुढे जाऊ. 'फार' या अर्थाचा 'टू' काढायचा प्रश्न हमखास असतो: 'द रस्सा इज टू हॉट टू ड्रिंक.' उत्तर 'द रस्सा इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट.' शेवटचा 'इट' सुटतो, आणि वाक्य भूतकाळी असेल तर 'कॅनॉट'चा 'कुड नॉट' करायचं राहतं. 'ॲज सून ॲज'चं 'नो सूनर' करताना 'डिड' आला की क्रियापद पहिल्या रूपात परततं: 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द स्टुडंट्स रॅन आउट.' 'डिड रँग' नाही, आणि 'देन' नाही, 'दॅन'. डिग्रीत, म्हणजे तुलनेच्या वाक्यांत, 'वन ऑफ द मोस्ट फेमस फोर्ट्स' असं असेल तर कम्पॅरेटिव्हमध्ये 'दॅन मोस्ट अदर फोर्ट्स' येतो आणि पॉझिटिव्हमध्ये 'व्हेरी फ्यू फोर्ट्स आर ॲज फेमस ॲज पन्हाळा'. 'एनी अदर' लिहिलं तर पन्हाळा सगळ्यात प्रसिद्ध झाला, अर्थच बदलला. आणि 'वन ऑफ द'नंतर नाम कायम अनेकवचनी, एवढ्यावर 'स्पॉट द एरर'चा प्रश्न अनेकदा सुटतो.

सराव करताना रोज 15 वाक्यं लिहा, प्रत्येक प्रकारातली दोन-तीन. एका दिवशी 50 आणि मग आठवडाभर शून्य, याचा काही उपयोग नाही. कागलहून किंवा मलकापूरहून एसटीने येणाऱ्यांनी कालची 15 वाक्यं गाडीत वाचून काढावीत. चुकलेल्या वाक्यांची वेगळी वही करा आणि प्रत्येकापुढे चूक कुठल्या मराठी वळणातून आली ते एका शब्दात लिहा: 'तरी', 'की', 'ने', 'पासून'. महिनाभरात ती वही तुमच्या हातातल्या कुठल्याही गाइडपेक्षा उपयोगी होते.

उताऱ्यांबद्दल थोडक्यात. आधी प्रश्न वाचा, मग उतारा, पुन्हा प्रश्न. उत्तराची ओळ सापडली की तिला पेन्सिलीने प्रश्नाचा क्रमांक द्या. वैयक्तिक मताच्या प्रश्नाला उताऱ्यातलीच वाक्यं उतरवू नका, तिथे तुमचं मत आणि एक कारण लागतं. सारांश मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश, वर शीर्षक, उदाहरणं आणि आकडे गाळून. शीर्षक विसरणं ही सगळ्यात स्वस्त चूक.

कवितेवर मात्र थांबायला हवं, कारण इथे पाठांतराने पोरं सगळ्यात जास्त बुडतात. सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' घ्या. इचलकरंजीच्या मुलांना विणकाम सांगायला नको, पण ही कविता यंत्रमागाची नाही, हातमागाची आहे. तीन कडवी, प्रत्येकी चार ओळी. प्रत्येक कडव्यात विणकरांना प्रश्न विचारला जातो आणि विणकर उत्तर देतात. वहीच्या एका पानावर तीन उभे रकाने करा. पहिल्यात: पहाट, खंड्या पक्ष्याच्या पंखासारखं निळं कापड, नवजात बाळाची वस्त्रं. दुसऱ्यात: रात्र पडताना, मोराच्या पिसांसारखं जांभळं-हिरवं, राणीच्या लग्नाचा शेला. तिसऱ्यात: थंड चांदणं, पीस आणि ढगासारखं पांढरं, मेलेल्या माणसाचं कफन. प्रहर, रंग, वस्त्र, आयुष्याचा टप्पा. एवढं पान डोळ्यांसमोर असलं की आशयाचा, प्रतीकाचा, अलंकाराचा, कुठलाही प्रश्न आला तरी उत्तर तिथूनच निघतं.

आता अलंकार. 'फिगर ऑफ स्पीच'ला नुसतं 'सिमिली' लिहून थांबायचं नाही, कारण लिहायचं: निळ्या कापडाची तुलना खंड्याच्या पंखाशी 'ॲज' शब्द वापरून थेट केली आहे, म्हणून सिमिली. 'ॲज' किंवा 'लाइक' नसेल आणि एका गोष्टीलाच दुसरी म्हटलं असेल तर मेटाफर. अलिटरेशनला अक्षर नाही, ध्वनी बघायचा. 'वीव्हर्स' आणि 'वीव्हिंग' या दोन्ही शब्दांच्या सुरुवातीला तोच ध्वनी आहे, म्हणून तो अलिटरेशन. यमकाची रचना विचारली तर ओळींचे शेवटचे शब्द मोठ्याने म्हणा: पहिली-दुसरी जुळते, तिसरी-चौथी जुळते, म्हणून ए-ए-बी-बी. डोळ्यांनी बघू नका, कानांनी ऐका. वर्गात आवाज करून कविता म्हणायला लाज वाटत असेल तर घरी म्हणा.

रसग्रहण 4 गुणांचं. कवी, कविता आणि शीर्षक यांची ओळख, मध्यवर्ती कल्पना, भाषा आणि अलंकार, उदाहरणासह, कवितेतून मिळणारा विचार आणि तुमचं मत. प्रत्येकाला दोन ते तीन वाक्यं पुरतात. इथे चूक एकच होते: प्रत्येक कवितेला तेच रसग्रहण. 'धिस इज अ ब्युटिफुल पोएम विथ अ ग्रेट मेसेज' हे वाक्य कुठल्याही कवितेला लावता येतं, म्हणूनच तपासणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. 'कपड्याचा रंग बदलत जातो तसं आयुष्य बदलत जातं' हे वाक्य फक्त याच कवितेचं आहे. तसं एक तरी वाक्य प्रत्येक कवितेसाठी स्वतःच्या शब्दांत तयार ठेवा.

लेखनाच्या 16 गुणांत चार उपप्रश्न, प्रत्येकात पर्याय. सगळेच प्रकार करत बसण्यापेक्षा प्रत्येक उपप्रश्नातला एक पक्का आणि एक राखीव तयार करा. वृत्तान्त लिहिताना मथळा, ठिकाण, तारीख, मग पहिल्याच वाक्यात काय-कुठे-केव्हा, आणि सगळं भूतकाळात. मुलाखतीला 8 ते 10 प्रश्न लागतात, आणि तिथे 'डू यू लाइक रेसलिंग?' असे हो-नाहीचे प्रश्न रचले की मुलाखत मरते. समजा खासबागच्या मैदानात उतरणाऱ्या मल्लाची मुलाखत आहे. त्याला विचारा: तालमीत दिवस कसा जातो, खुराक काय, वस्तादाने शिकवलेला पहिला डाव कुठला, हरल्यावर दुसऱ्या दिवशी काय करतोस. 'हाऊ', 'व्हाय', 'व्हॉट' ने सुरू होणारे प्रश्न आपोआप उत्तर बोलकं करतात, आणि व्याकरणही सोपं राहतं.

माइंड मॅपिंग 3 गुणांचं, आणि योग्य तऱ्हेने केलं तर ते पूर्ण मिळतात. मध्ये विषय, भोवती चार ते सहा फांद्या, प्रत्येक फांदीला दोन-तीन उपफांद्या. विषय 'जॅगरी' आला असं धरा. आपल्या भागात गुऱ्हाळ सगळ्यांनी बघितलेलं असतं. एक फांदी ऊस आणि घाण्याची, दुसरी चुलवाण आणि काहिलीची, तिसरी मळी काढण्याची, जिथे भेंडीचा रस वापरतात, चौथी ढेप आणि साच्यांची, पाचवी मार्केट यार्डची, सहावी खाण्याच्या पदार्थांची. प्रत्येक खणात एक-दोन शब्दच. वाक्यं लिहिली की तो नकाशा राहत नाही, निबंध होतो, आणि वेळही जातो. ज्या शब्दाला इंग्रजी सुचत नाही, 'काहील' सारखा, तिथे 'बिग बॉइलिंग पॅन' असं साधं लिहा, अडून बसू नका.

कादंबरीच्या प्रश्नात कादंबरीच्या इतिहासावरचे छोटे प्रश्न असतात आणि मग नेमलेल्या कादंबऱ्यांवर एकेक. विचारलं एक आणि सांगितली सगळी गोष्ट, हा इथला दोष. पात्राबद्दल विचारलं तर पात्राचा एक गुण, तो दाखवणारा एक प्रसंग, आणि त्या गुणाचा कथेवर झालेला परिणाम. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मध्ये नायक फिलियस फॉग 80 दिवसांत जगाला फेरी मारायची 20,000 पौंडांची पैज लावतो आणि पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे त्याला एक दिवस जादा मिळतो. त्याच्या काटेकोरपणावर प्रश्न आला तर हा शेवट जरूर जोडा, कारण सगळा हिशोब नेमका ठेवणारा माणूस त्या एका दिवसाच्या हिशोबात चुकतो. असा एक नेमका धागा प्रत्येक कादंबरीत शोधून ठेवला की 4 गुणांचं उत्तर दहा ओळींत बसतं.

वेळेची वाटणी घड्याळ लावून घरी करून बघा: पहिल्या प्रश्नाला 35 मिनिटं, दुसऱ्याला 40, कवितेला 25, लेखनाला 40, कादंबरीला 30. उरतात 10. दोन-तीनदा पूर्ण पेपर असा सोडवला की हात कुठे रेंगाळतो ते कळतं. बहुतेकांचा तो पहिल्या उताऱ्यावर रेंगाळतो आणि कादंबरी अर्धी राहते. तसं होत असेल तर कादंबरी आधी लिहा. प्रश्नांचा क्रम बदलला तरी चालतो, फक्त क्रमांक नीट घाला.

शेवटच्या 10 मिनिटांत सगळी उत्तरं पुन्हा वाचत बसू नका, वाचून होणार नाहीत. फक्त पाच गोष्टी शोधा: 'डिड'नंतरचं क्रियापद पहिल्या रूपात आहे का, 'ऑल्दो'च्या वाक्यात 'बट' राहिलाय का, 'वन ऑफ'नंतर अनेकवचन आहे का, 'ही' आणि 'शी'च्या वर्तमानकाळी क्रियापदाला 'एस' लागलाय का, आणि सारांशाला शीर्षक आहे का.